जेवण एकीकडे, गोड दुसरीकडे

गेल्या शनिवारी रात्री सव्वानऊला घोडबंदर रोडवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये आमच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण परत एकदा झालं. रामेनचे, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्सचे, वाडगे उचलून नेले होते, वेटर मेन्यूचं शेवटचं पान उघडून उभा, आणि त्या पानावर काय तर सिझलिंग ब्राउनी, चोको लाव्हा केक आणि गुलाबजाम. जपानी जेवणावर गुलाबजाम! नवरा म्हणाला अगं घे ना ब्राउनी, लेक म्हणाली मला काहीही चालेल, आणि मी म्हटलं नाही म्हणजे नाही, बिल आणा हो दादा, गोड आम्ही बाहेर खातो. मग रिक्षा मिळेना, मिळाली तर मेट्रोच्या खांबांखाली अर्धा तास अडकलो, तलावपाळीला पोचलो तेव्हा साडेदहा झालेले आणि तिथे मासुंदा तलावाच्या कठड्याला टेकून तिघांनी काला खट्टा गोळा खाल्ला. नवरा अजून ऐकवतोय की ब्राउनी घेतली असती तर साडेदहाला अंथरुणात असतो.

पण "जेवण एकीकडे, गोड दुसरीकडे" हा आमच्याकडे आता नियमच झालाय. पगार झाल्यानंतरचा पहिला शनिवार बाहेर जेवायचं, आणि शक्यतो पनीर बटर मसाला ज्या मेन्यूत नाही अशा ठिकाणी. हे लेकीमुळे सुरू झालं. ती कोरियन सीरियल बघते, त्यातले लोक सतत काहीतरी वाफाळतं खात असतात, आणि ते बघून हिला रात्री अकराला भूक लागते. तिने फ्रिजवर एक यादी चिकटवलीय, काय काय खाऊन झालं आणि काय राहिलं त्याची. त्यात वरणभातासमोर पण टिक आहे, ती नवऱ्याने केलीय, टोमणा म्हणून.

मी नौपाड्यात वाढले. आमच्या लहानपणी एशियन वगैरे शब्द नव्हता, चायनीज होतं. चायनीज म्हणजे अंधारी एसी रूम, लाल कंदील, भिंतीवर ड्रॅगन आणि मॅन्चाव सूप वन बाय टू. बाबा दर वेळी वेटरला सांगायचे, "अजिनोमोटो घालू नका हं", आणि वेटर दर वेळी हो साहेब म्हणायचा आणि सूप दर वेळी तसंच लागायचं. कॉलेजात गेल्यावर मग चायनीजची गाडी, लाल रंगाची, कढईखाली फर्रर्र आवाज करणारा स्टोव्ह, कागदाच्या डिशमध्ये चायनीज भेळ आणि वरून कच्चा कोबी. चीनच्या माणसाला चायनीज भेळ दाखवली तर तो नक्की विचारेल की हे कुठल्या देशाचं, पण मला ती आजही आवडते आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

मंचुरियनचंही तसंच. ते चीनमधनं नाही, आपल्या मुंबईतनं आलंय. कोलकात्याहून आलेले नेल्सन वाँग १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करायचे, तिथे कुणीतरी मेन्यूत नसलेलं काहीतरी करा म्हणालं आणि त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची असं आपल्याच वाटणाचं सामान घेतलं, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरने दाट केलं. म्हणजे फोडणी आपली, रंग चायनीज. उगाच नाही लग्नाच्या बुफेत ते अळूच्या भाजीशेजारी सुखाने नांदतं.

आणि त्या काळी त्या अंधाऱ्या हॉटेलांत गोड पण असायचं बरं का! दरसान. मैद्याच्या पातळ पट्ट्या कडक तळलेल्या, मधात घोळवलेल्या, वर तीळ आणि शेजारी व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा. पहिला घास कुरकुरीत, दुसरा पण, आणि मग आइस्क्रीम वितळायला लागलं की पट्ट्या खालून मऊ व्हायला लागतात, म्हणून घाई करायची, आणि घाईत मध दातांना चिकटून तोंड अक्षरशः बंद. मी आणि दादा शेवटच्या पट्टीसाठी काट्याने तलवारबाजी करायचो. आता दरसान कुठल्या मेन्यूत दिसलं की मी जेवण काय घ्यायचं हे न बघता आधी तेच सांगून ठेवते. पण दिसत नाही फारसं, ब्राउनीने गिळलं त्याला.

असो. आता ठाणं बदललंय. हिरानंदानी इस्टेटपासून ते पार मानपाड्यापर्यंत रामेन, सुशी, बाओ, कोरियन सगळं मिळतं, आणि राम मारुती रोडला कपडे घ्यायला गेलं तरी दोन पावलांवर कुणीतरी मोमो वाफवत उभं असतं.

रामेन मला पहिल्यांदा अजिबात आवडलं नव्हतं, खरं सांगते. साडेपाचशे रुपयांचं मॅगी असं मी मोठ्याने म्हटलं आणि शेजारच्या टेबलवरचा मुलगा हसला. चूक माझीच होती, मी फोटो काढत बसले, लेकीचं टॉपिंग चाखून झालं, नवऱ्याचं गिओझा (जपानी मोमोच) चाखून झालं, तोपर्यंत माझ्या नूडल्स फुगून पार शेवयांची खीर. रामेन समोर आलं की लगेच खायचं असतं आणि भुरके मारत खायचं असतं, जपानमध्ये त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, भुरक्याबरोबर हवा जाते, तोंड भाजत नाही आणि वास पण जास्त येतो. आयुष्यभर मला कढीचा भुरका मारला म्हणून चापट्या बसल्यात, आणि आता सोळा रंगांच्या दिव्यांखाली बसून पैसे देऊन भुरके मारतेय. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, अगं मग त्यांच्या त्या पाण्यात अजिनोमोटो असेलच की. मी म्हटलं बाबा, ते पाणीच अजिनोमोटोचं आजोळ आहे. १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी प्राध्यापकांनी कोंबू नावाचं समुद्रातलं शेवाळ उकळून त्यातनंच ती चव वेगळी काढली होती, तिला उमामी नाव दिलं, आणि तीच चव पिकलेल्या टोमॅटोत पण असते. बाबा गप्प बसले. पटलं म्हणून नाही, टोमॅटोचं सार पुढ्यात होतं म्हणून.

सुशीचं प्रकरण वेगळं. नवरा सीकेपी घरातला, म्हणजे माशाबद्दल या माणसाची मतं ठाम. कच्चा मासा म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला जसं कुणी त्याच्या आजीबद्दल काही बोललंय. पहिल्या वेळी त्याने काकडीची सुशी खाल्ली, दुसऱ्या वेळी तळलेल्या कोळंबीची, आणि तिसऱ्या वेळी सॅमनचा एक तुकडा तोंडात टाकून डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भात चांगलाय." एवढंच! पण बरोबरच बोलला, सुशीतली खरी कारागिरी त्या भाताचीच, व्हिनेगर, साखर, मीठ लावून तो अंगाच्या उबेचा ठेवायचा असतो, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तो फ्रिजमधनं काढलेला, गार, दगड असा येतो. घेताना हात लावून बघता येत नाही, म्हणून मी आता आधी एकच प्लेट मागवते. आणि तो हिरवा गोळा, वसाबी, तो बहुतेक ठिकाणी वसाबी नसतोच, हॉर्सरॅडिश आणि मोहरीत हिरवा रंग. खऱ्या वसाबीचा कंद फार महाग आणि किसला की थोड्या वेळात त्याचा तिखटपणा उडून जातो. तरी नाकात जाते ती कळ अगदी खरी, लेकीने पहिल्यांदा चटणी समजून चमचाभर घेतली होती, तो व्हिडिओ आम्ही नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि ती दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

पण सगळ्यात जास्त मजा आली ती शेजवानची. आपण ज्याला शेजवान म्हणतो ती लाल चटणी डोशात पण असते, फ्रँकीत पण असते, वडापावमध्ये पण घुसलीय. शेजवान हे नाव चीनच्या सिचुआन प्रांताचं, पण खऱ्या सिचुआन स्वयंपाकातली सिचुआन मिरी तिच्यात सहसा नसतेच. ती मिरी मी पहिल्यांदा खाल्ली एका पनीरसारख्या दिसणाऱ्या तोफूच्या रश्शात. आई बरोबर होती. आई मूळची कुडाळकडची, आता कळव्याला राहते. पहिल्या घासाला जीभ झिणझिणली, ओठ सुन्न, मी पाण्याचा ग्लास शोधतेय आणि आई शांतपणे दुसरा घास घेऊन म्हणते, "तिरफळ घातलाय यात."

मी म्हटलं, आई, काहीही काय, चीनचं आहे ते. घरी येऊन बघितलं तर म्हातारी बरोबर! सिचुआन मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली झाडं, वनस्पतीशास्त्रातल्या नावाचा पहिला शब्द पण एकच. बांगड्याच्या आमटीत जे ठेचून घालतात, ज्याची बी टाकून फक्त टरफल घ्यायचं असतं, तेच ते, चुलत बहीण म्हणा. आई म्हणाली, "बघ, आणि तुम्ही आमटीतनं वेचून ताटाच्या कडेला लावायचात." लावायचो खरं. आता त्याच झिणझिण्यासाठी साडेसहाशे मोजले.

त्या दिवसापासून मला नाद लागला. बाहेर काही खाल्लं की हे आपल्याकडचं काय, असं शोधायचं. बर्मी खाऊ सुए घ्या, नारळाच्या दुधाच्या त्या रश्शाला दाटपणा येतो बेसनाने, म्हणजे कढीच की ती, फक्त वरून नूडल्स, तळलेला लसूण, उकडलेलं अंडं, लिंबू असं प्रत्येकाने आपापल्या मर्जीने घालायचं. नवरा त्याला कढीमिसळ म्हणतो. (मामलेदार मिसळीच्या रांगेत उभं राहून हे बोलू नकोस असं मी त्याला बजावलंय.) मोमोच्या चुण्या आणि मोदकाच्या कळ्या तर कुणालाही दिसतात. पण हे मला माहीत नव्हतं की मोदक खरोखरच जपानपर्यंत पोचलाय. तिथल्या बौद्ध देवळांत कांगितेन म्हणून देव आहे, हत्तीच्या तोंडाचा, विनायकच तो, आणि त्याच्या नैवेद्याला कांगिदान नावाचं गोड असतं, आत लाल चवळीसारख्या बियांचं सारण, बाहेर पारी, वर बांधलेलं टोक आणि तळलेलं. तळणीचा मोदक! आम्ही गणपतीत कोहिनूर तांदूळ आणू की आंबेमोहोर यावर भांडतो आणि तिकडे हे कित्येक शतकं चाललंय.

इथे एक गोष्ट मधेच सांगून टाकते कारण तिच्यामुळे आमच्या घरात खरंच मोठा घोळ झाला होता. बाबांचा सोमवार असतो, कडक. एकदा सोमवारीच सुट्टी आली आणि आम्ही सगळे थाई खायला गेलो, व्हेज ग्रीन करी सांगितली, नारळाचं दूध, गवती चहाचा वास, बाबा खूश, दोनदा भात घेतला. बिल देताना नवऱ्याने सहज विचारलं की पेस्ट तुम्ही इथे बनवता का, तर तो मुलगा अभिमानाने म्हणाला नाही सर, ओरिजिनल, थायलंडवरून येते, आणि डबाच आणून दाखवला. डब्यावर बारीक अक्षरात श्रिम्प. थाई करीच्या पेस्टमध्ये कोळंबीची आंबवलेली पेस्ट घालतातच, आपला जवळा कुटून मुरवावा तशी, आणि वरून फिश सॉस. व्हेज म्हणजे वर चिकन नाही एवढंच. बाबा काही बोलले नाहीत, घरी येऊन आंघोळ केली. हॉटेलचं नाव सांगत नाही, पण उपासतापास, शाकाहार असेल तर पेस्ट, फिश सॉस आणि ऑयस्टर सॉस हे तीन शब्द आधी विचारा, बऱ्याच चांगल्या ठिकाणी वेगळी पेस्ट करून देतात.

आता गोडाकडे येते, कारण पोस्ट त्याच्यावर होती आणि मी भरकटले.

बोबा चहा. मॉलमध्ये लेकीने हट्ट करून घेतला, जाड स्ट्रॉ, तळाला काळे मणी. हे तैवानचं, १९८० च्या दशकातलं, आणि पहिल्यांदा कोणी केलं यावरून तिथल्या दोन चहावाल्यांत कोर्टबाजी पण झाली होती, तैचुंगचं एक दुकान आणि ताइनानचं एक. मणी कसले तर टॅपिओकाचे, म्हणजे कसाव्याच्या कंदाचं पीठ. आणि आपला साबुदाणा कसला? त्याच कंदाचा! तमिळनाडूत सेलमकडे होतो तो. हे मी आईला सांगितलं ती माझी चूक, कारण पुढचा प्रश्न लगेच आला, "मग एकादशीला चालेल की नाही?" साबुदाणा चालतो, दूध चालतं, साखर चालते, चहा तर चालतोच, मग अडलं कुठे. नवरा म्हणाला आई, लॉजिकली काहीच अडत नाही. तर आषाढीला दुपारी आमच्या मातोश्री मॉलच्या फूड कोर्टात, कपाळाला बुक्का, हातात ब्राउन शुगर बोबा, मणी स्ट्रॉमधनं वर येताना प्रत्येक वेळी दचकत. अर्धा प्यायली आणि म्हणाली खिचडीसारखं पोट भरत नाही ह्याने. मी चव घेतली, मणी बाहेरून लिबलिबीत आणि आत एक बारीकसा कडक कण राहिलेला, म्हणजे कमी शिजलेले किंवा सकाळचे. ताजा बोबा पूर्ण मऊ पण दाताला परत ढकलणारा असतो, साबुदाण्याच्या खिचडीत दाणा कसा मोकळा पण शिजलेला हवा, तीच परीक्षा. आपल्या घरच्या बायकांना ही परीक्षा कुणी शिकवायला नको.

बिंगसू म्हणजे कोरियन बर्फ. दुधाचाच बर्फ इतका बारीक किसतात की तोंडात ठेवल्यावर कापूस, वर आंबा नाहीतर लाल बियांची गोड पेस्ट. सुंदर लागतं. आणि चारशे साठ रुपये. मी तलावपाळीवाली बाई, माझ्या डोक्यात लगेच हिशोब सुरू होतो की यात मलई गोळे किती आले असते. पण गोळ्याचा बर्फ दाताखाली करकरतो, सरबत आधी ओढून संपतं आणि शेवटी पांढरा बर्फ हातात राहतो, बिंगसूत शेवटच्या चमच्यापर्यंत दूध असतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री अकराला, उभ्याने, मनगटावरून ओघळ येतोय, तर गोळाच हवा.

आइस्क्रीमबद्दल मी जास्त लिहित नाही, प्रत्येक ठाणेकराचं आपापलं ठरलेलं असतं. थाई जेवल्यावर मात्र आम्ही डोळे मिटून नॅचरल्सचं शहाळ्याचं घेतो, कारण अर्ध्या मेन्यूत जे नारळाचं दूध असतं त्याची गोडी तिथेच पूर्ण होते. १९८४ साली जुहूला हे सुरू करणारे रघुनंदन कामत फळवाल्याचे पोर होते, ते खाताना कळतं, शहाळ्याची मलई खरोखर दाताखाली येते.

मँगो स्टिकी राईसवरून मात्र मी दुखावली गेलेय. एप्रिलमध्ये एका ठिकाणी मोठ्या कौतुकाने मागवला, तर बासमतीच्या भातावर डब्यातला आमरस ओतून आणला! वर चेरी! बासमती हा मोकळा सुटायचाच तांदूळ, तो कसा चिकटणार. स्टिकी राईसचा तांदूळ जातच वेगळी, रात्रभर भिजवून वाफेवर शिजवतात, मग गरम असतानाच गोड खारट नारळाचं दूध त्याला पाजतात आणि झाकून ठेवतात की सगळं दूध दाणा पिऊन घेतो. वरून परत थोडं दाट दूध, भाजलेली मूगडाळ आणि बाजूला आंबा. मीठ महत्त्वाचं, ते नसेल तर नुसती खीर. दुसऱ्या एका छोट्या जागी, पाचपाखाडीच्या बाजूला, टेबलं जेमतेम सहा, तिथे खाल्ला तो असा होता. पानाच्या तुकड्यावर भाताचा छोटा ढिगारा, अजून कोमट, चमच्याने दाबला तर दाणे दिसतात पण सुटत नाहीत, आणि त्याच्यावरनं दूध हळूच खाली उतरतंय. आंबा हापूस होता. आता हे लिहिलं की शिव्या पडणार माहितीय, पण त्यात हापूस नको. हापूसचा वास इतका दांडगा की नारळ बिचारा कोपऱ्यात जाऊन बसतो. केसर बरा. हापूस आमरसाला, पुरीबरोबर, मे महिन्यात, पंखा फुल.

त्या भाताला अजून एक वास होता जो मला ओळखीचा वाटला आणि आठवेना. विचारलं तर म्हणाले पांदान लीफ घालतो. पांदान म्हणजे आईच्या कळव्याच्या गॅलरीतली ती कुंडी! लांब हिरवी तलवारीसारखी पानं, साधा कोलम पण बासमतीसारखा वास मारायला लागतो म्हणून भातात टाकतात, कोणी अन्नपूर्णा म्हणतं, कोणी बासमतीचं पान. केवड्याच्या कुळातलं. वास बासमतीसारखा येतो कारण दोन्हीत ते सुगंधी द्रव्य एकच असतं.

मग मे महिन्याच्या शेवटी आम्ही आईला घेऊन सीवूड्सला गेलो. ठाण्याला दहा नंबरवरून पनवेल गाडी पकडली, खिडकी मिळाली, ऐरोली, रबाळे, घणसोली, मी रोज ऑफिसला ऐरोलीलाच उतरते म्हणून सुट्टीच्या दिवशी ते मागे जाताना फार बरं वाटतं. सीवूड्सला स्टेशनवरच मॉल, ऊन पण लागत नाही. जेवलो मलेशियन, सिंगापुरी असं मिश्र काहीतरी, आईला साटे (काडीला लावून भाजलेले तुकडे) आवडलं, लाक्सा नाही आवडली ("आमटीत शेवया कशाला"), बाबा मेंदी लावल्यासारखा हात धरून चॉपस्टिक शिकत होते. आणि मेन्यूच्या शेवटच्या पानावर ब्राउनी नव्हती. चेंदोल होतं.

काचेचा वाडगा आला. खाली हिरव्या बोटाएवढ्या मऊ शेवया, नारळाचं दूध, किसलेला बर्फ आणि वरून काळसर गुळाचा पाक, तो बर्फातून खाली उतरताना दुधात तपकिरी रेघा उमटत होत्या. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, की आई हे तांदळाच्या पिठाचं असतं, पांदानमुळे हिरवं, गरम पीठ भोकाच्या साच्यातून थंड पाण्यात पाडतात, गूळ माडाचा. आईने एक चमचा खाल्ला आणि मला मधेच तोडलं.

"हे तर शिरवाळे गो!"

आणि मग ती थांबेचना. की तिच्या माहेरी शिमग्याच्या आधी की नंतर कधीतरी शिरवाळे व्हायचे, तांदळाच्या पिठाची उकड, तिचे गोळे परत उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम गोळा लाकडी साच्यात घालायचा आणि वरचा दांडा दाबायला एक माणूस पुरायचा नाही म्हणून तिला आणि तिच्या भावाला त्या दांड्यावर बसवायचे, खाली केळीच्या पानावर पांढऱ्या शेवया पडायच्या आणि वाडग्यात नारळाचा रस, गूळ, वेलची. पहिला घाणा लहान मुलांचा. रस उरला तर दुसऱ्या दिवशी फाटायचा म्हणून उरवायचा नाही. लेक फोन बाजूला ठेवून ऐकत होती, हे मी मुद्दाम नोंदवतेय. आईने ते हॉटेलचे तीन वाडगे सगळ्यांचे मिळून जवळजवळ एकटीने संपवले आणि शेवटी एवढंच म्हणाली की बर्फ कशाला घातलाय, चव मरते.

एवढ्या वर्षांत मी शिरवाळे दोनदा खाल्लेत, दोन्ही वेळा मामाकडे. ठाण्यात घरी आईने कधी केलेच नव्हते. का नाही केले विचारलं तर म्हणाली, कोणी मागितलेच नाहीत.

तर गेल्या महिन्यात एका रविवारी नवऱ्याने कळव्याच्या घराच्या माळ्यावरून साचा काढला. फणसाच्या लाकडाचा, काळा पडलेला, आत कोळ्याचं घर. धुतला, उन्हात ठेवला, तेल लावलं. आईने उकड काढली, मी दोन नारळ खवून रस काढला (मिक्सरमध्ये, तिच्या नाराजीसह), रसात गॅलरीतलं एक पान गाठ मारून टाकलं, ही माझी भर, पांदानवरून शिकलेली. दांड्यावर लेक आणि नवरा. पहिल्या गोळ्याला नुसता फस्स आवाज आला, उकड गार झाली होती, दुसऱ्याला शेवया तुटक पडल्या, आणि तिसऱ्याला एक लांब, सलग, वाफाळती लड पानावर उतरली तेव्हा आई काही न बोलता साच्याखालचं पान थोडं फिरवायला लागली, म्हणजे लड गोल बसेल.

लेकीने स्वतःच्या वाडग्यात बर्फ घातला. आजी बघत राहिली, मग म्हणाली, आण इकडे, बघू दे.

चौथ्या घाण्याला दांड्याची खुंटी कडाडकन मोडली आणि नवरा जमिनीवर. त्याला काही झालं नाही, पण खुंटी फणसाचीच हवी असा आईचा हट्ट आहे, नौपाड्यात विचारून झालं, कळव्यात विचारून झालं, सगळे सुतार प्लायवूडवाले. कुणाला ठाण्यात लाकूडकाम करणारा जुना सुतार माहीत असेल तर सांगा, गणपतीच्या आत हवंय.